इतर हक्क

बाजारातनं आणलेला बैल पहिले पंधरा दिवस मोकळा सोडायचा नसतो. पोरानं गाठ सैल मारली आणि दावं सुटलं, तर तो कुठं सापडेल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. जुन्या मालकाच्या दावणीला जाऊन तो उभा असतो. मधे दोन गावं असोत, ओढा असो, त्याला वाट ठाऊक असते. तुम्ही पैसे मोजलेत, बाजार समितीची पावती तुमच्या खिशात आहे, हे त्या जनावराला कुणी सांगितलेलं नसतं. आमच्याकडं विकणारा बैल देतो पण दावं देत नाही. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं, ते आधी बांधायचं, मग विकणारा आपलं सोडून घेतो आणि पाठीवरनं एकदा हात फिरवतो. तो हात फिरेपर्यंत व्यवहार पुरा झाला असं जुनी माणसं मानत नसत.

हे आठवायचं कारण बैल नाही. आमच्या गोठ्यातली शेवटची जोडी जाऊन बारा वर्षं झाली. कारण आहे पुतण्याचा लॅपटॉप.

थोरल्या भावाचा हा मुलगा बीएस्सी अॅग्री झालेला. बियाणं आणि औषधं विकणाऱ्या एका कंपनीत सहा वर्षं फिल्डवर होता. मोटारसायकलला बॅग अडकवून सकाळी सातला बाहेर पडायचा, तो दिवेलागणीला घरी. कंपनीनं या भागातलं काम आवरतं घेतलं तेव्हा ह्याच्यासकट चार पोरं घरी बसली. लॅपटॉप परत मागवायचा तर खोकं आलं, कुरिअर आलं. त्यापेक्षा त्यांनी शेवटच्या पगारातनं चार हजार रुपये कापले आणि साहेब फोनवर म्हणाले, "राहू दे तुझ्याकडंच." पोराला बरं वाटलं. तालुक्याला स्वतःचं कृषी सेवा केंद्र टाकायचं त्याच्या मनात होतंच. दिवसा दुकानाचा हिशेब, आणि रात्री तात्याला लिहायला, असा बेत ठरला. तात्या म्हणजे मी. १९७७ ला दहावी झालो, तेव्हापासून जे काही लिहिलं ते शंभर पानी वह्यांत, आणि टाईप करून घ्यायचं तर तालुक्याला पानामागं पैसे मोजून.

लॅपटॉप उघडला तर पहिल्याच पडद्यावर कंपनीचं बोधचिन्ह. आत गेलो तर मागचं चित्र बदलता येईना. मराठी कळफलक घालायला गेलो तर यंत्र परवानगी मागू लागलं, आणि परवानगी देणारा बसलाय पुण्यात. वर लाल अक्षरात इंग्रजीत एक ओळ, की यातल्या काही गोष्टींचा कारभार तुमची संस्था बघते.

पुतण्या हसला. "मला सांभाळायला संस्थेला जमलं न्हाई, आन् ह्याला सांभाळतीया."

मी चष्मा सारखा करून ती ओळ पुन्हा वाचली. असली ओळ मी पूर्वी वाचलेली होती. सातबाऱ्यावर.

ज्यांना सातबारा कधी काढावा लागला नाही त्यांच्यासाठी सांगतो. सातबाऱ्यावर तुमचं नाव असतं त्या रकान्याच्या डोक्यावर 'मालक' लिहिलेलं नसतं. 'भोगवटादार' लिहिलेलं असतं. जमिनीचा भोग घेणारा. आणि त्याच्या शेजारी आणखी एक रकाना असतो, 'इतर हक्क'. विहिरीतला भावकीचा हिस्सा, कुणाची वाट, सोसायटीचा बोजा, बँकेचा बोजा, सगळं तिथं. शेत विकत घेणारा शहाणा माणूस आधी नाव वाचत नाही, इतर हक्क वाचतो.

आमची तीन एकर कुळकायद्यातली आहे. कायदा १९४८ चा, पण आमच्या घरात त्याची तारीख म्हणून १ एप्रिल १९५७ हीच सांगत आलेत. त्या दिवशी कसणारं कूळ हे जमिनीचं खरेदीदार मानलं गेलं. मानलं गेलं, लगेच झालं नाही. किंमत ठरली, आजोबांनी हप्ते फेडले, मग ३२म चा दाखला हातात आला. तो पत्र्याच्या पेटीत, कापडात गुंडाळून. आणि एवढं झाल्यावरसुद्धा इतर हक्कात शेरा राहिलाच, कलम ४३ च्या बंधनास पात्र. म्हणजे तेव्हाचा अर्थ असा, की कसा, पिकवा, पोराबाळांना ठेवा, पण सरकारला विचारल्याशिवाय विकू नका. वडील सांगायचे, आजोबा यावर एवढंच म्हणायचे, "जमिनीला म्हाईत हाय ती कुणाची. कागदाला अजून कळायचंय."

म्हणून पुतण्याला म्हणलं, "लेका, ह्याच्यावर बोजा हाय. आधी त्यो उतरव."

"चार हजार कापल्यात की तात्या. फिटलं."

फिटलं म्हणजे उतरलं नव्हे, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागतं याचं मला नवल वाटलं. कर्जाचा शेवटचा हप्ता भरला म्हणून बोजा आपोआप जात नाही. सोसायटीकडनं निल दाखला घ्यायचा, तलाठ्याकडं द्यायचा, फेरफार पडायचा, हरकतींसाठी पंधरा दिवस थांबायचं, मग मंडल अधिकाऱ्याची सही. कर्ज बापानं फेडलंय आणि बोजा नातवाला जमीन विकायच्या दिवशी सापडलाय, अशी घरं आमच्याच गावात आहेत. फेडणाराचं काम फेडणं. पण सोडणाराचंही एक काम असतं, आणि ते त्याच्या हातनं करून घ्यावं लागतं.

तालुक्याला लॅपटॉप दुरुस्त करणारा एक पोरगा आहे. तो म्हणाला, पाचशे रुपये द्या, अर्ध्या तासात कंपनीचं नावनिशाण ठेवत नाही. पुतण्या तयार झाला. पण त्याच्या ओळखीचा, कंपनीच्या कॉम्प्युटर विभागातला एक मुलगा होता. त्याला फोन लावला आणि फोन माझ्या कानाशी धरून मीच सगळं विचारलं. त्यानं जे सांगितलं ते मला नीट कळलं, कारण तेही तीन गाठींचं दाव्याचंच प्रकरण निघालं.

पहिली गाठ खात्याची. लॅपटॉप कंपनीच्या खात्याला जोडलेला असतो. सेटिंग्जमधे अकाउंट्स, त्यात 'अॅक्सेस वर्क ऑर स्कूल', तिथनं ते तोडता येतं. पण तोडायच्या आधी यंत्रावर स्वतःच्या नावाचं वेगळं स्थानिक खातं काढायचं, त्याला अॅडमिनचे पूर्ण अधिकार द्यायचे, आणि त्या खात्यानं एकदा आत शिरून बघायचं. नाहीतर जुनं नाव गेलं आणि नवं बसलं नाही, अशा घरात कुलूप आतनं लागतं. आधी आपलं दावं बांधा, मग जुनं सोडा. तो मुलगा हिंजवडीत बसून हे सांगत होता आणि मी मनात म्हणत होतो, ह्याच्या घरी कधीतरी बैल असणार.

दुसरी गाठ कुलपाची. आतलं सगळं बिटलॉकर नावाच्या कुलपात असतं, आणि त्याची किल्ली म्हणजे अठ्ठेचाळीस आकडे. गाईच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर बारा असतात, हे त्याच्या चौपट. ती किल्ली कंपनीच्या दप्तरात. यंत्रानं एखाद्या दिवशी ते आकडे मागितले आणि तोवर कंपनीनं आपलं दप्तर साफ केलेलं असलं, तर आत काय होतं ते ब्रह्मदेवालाही वाचता यायचं नाही. म्हणून ती आधी मागून घ्यायची. मी वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतली, सहा-सहा आकड्यांचे आठ गट, आणि दोनदा वाचून ताडून पाहिले.

तिसरी गाठ सगळ्यात घट्ट. यंत्राची ओळख, म्हणजे त्याच्या हाडामासाचा नंबर, कंपनीच्या नावावर नोंदलेली असते. ऑटोपायलट म्हणतात त्याला. तुम्ही सगळं पुसा, नवं विंडोज टाका. ते सुरू होताना इंटरनेट मिळालं, की पडद्यावर पुन्हा कंपनीचं स्वागत आणि कंपनीचा पासवर्ड. बैल जुन्या दावणीला! ही नोंद आपल्या हातनं निघत नाही. ज्याची आहे त्यानंच काढायची.

आणि नोंद आहे तोवर आणखी एक गोष्ट. लॅपटॉप चोरीला गेला तर कंपनी तो लांबनं पुसू शकते. तशी सोय ठेवणं चूक नाही, चोराच्या हातात गिऱ्हाइकांची माहिती कोण देईल? पण उद्या तिथं कुणी जुनी यादी आवरायला बसला, आणि बंद झालेल्या सगळ्या लॅपटॉपांवर एकच कळ दाबली, तर माझ्या माजघरात, माझ्या टेबलावर, माझी पानं जातील. म्हणून तोवर मी त्यावर एक ओळही लिहिली नाही. वहीत लिहीत राहिलो.

पाचशे रुपयेवाल्याचा मार्ग म्हणजे नेट न जोडता चोरवाटेनं आत शिरायचं. पुढच्या वेळी पुसायची पाळी आली की पुन्हा तेच. पण तो टिकत नाही म्हणून मी नको म्हणलं असं नव्हे. पोराच्या घामाचे चार हजार कापलेत. मग स्वतःच्या वस्तूत चोरासारखं शिरायचं कशाला? बरं, कंपनीनं काही दुष्टपणा केला असंही नाही. कंटाळा केला. वस्तू पुढं सरकवली म्हणजे दिली, असं देणाऱ्याला वाटतं. गावात काय कमी बघतो आपण? म्हातारा पोरांना वाटणी करून देतो, गावकीसमोर कागद होतात, आणि मोटारीच्या पेटीची किल्ली कडदोऱ्यालाच. पोरगं पाणी पाजायला दर वेळी बापापुढं हात पसरतंय. कागदानं दिलं, हातानं नाही.

तर पुतण्याला पत्र लिहायला लावलं. अमुक यंत्र, त्याचा कारखान्याचा नंबर, तळाला चिकटवलेला तुमचा मालमत्ता क्रमांक, कापलेली रक्कम, तारीख. हे यंत्र आता माझं असल्याचं लेखी द्या आणि तुमच्याकडची नोंद काढून टाका. चार मेल, दोन फोन, अकरा दिवस. अकराव्या दिवशी पत्र आलं. कंपनीच्या कागदावर, सहीशिक्क्यानिशी. पोरगं म्हणालं, "एवढंच तर हुतं." एवढंच असतं. ३२म चा दाखलाही एक पानच आहे.

इथवर सगळं सरळ होतं. अडलं ते पुढं.

कॉम्प्युटर विभागातल्या त्या मुलानं शेवटी एक वाक्य सांगितलं होतं. पुसायच्या आधी तुझं जे असेल ते काढून घे, कंपनीचं काही घेऊ नको. ऐकायला सोपं वाक्य आहे. आम्ही संध्याकाळी पेनड्राइव्ह घेऊन बसलो आणि तुझं म्हणजे काय, यावर रात्रीचे अकरा वाजले.

फोटो त्याचे. पोरीचा पहिला वाढदिवस, जोतिबाला गेलो होतो तेव्हाचे. ते घेतले. काही मात्र कंपनीच्या ऑनलाइन कपाटात होते, आणि ते कपाट नोकरीच्या शेवटच्या दिवशीच बंद झालेलं. त्यात वहिनींचे, म्हणजे त्याच्या आईचे, हृदयाचे रिपोर्टही राहिले. पुतण्या चिडला. "आईचं कागद आता कोण बी बघत बसंल, तात्या. त्येंचा काय संबंध?"

मग एक्सेलची यादी उघडली.

तीन हजार आठशेच्या वर नावं. सहा वर्षांत त्यानं स्वतः गोळा केलेली. नाव, गाव, मोबाईल, क्षेत्र, पीक, पाणी विहिरीचं का कॅनॉलचं, औषध कुठल्या दुकानातनं घेतो, उधारी किती. आणि शेवटचा रकाना, शेरा. मी एकेक वाचत गेलो. 'भाऊभाऊ बोलत नाहीत, दोघांना वेगळं भेटणे.' 'मुलगा ऐकत नाही, वडिलांना धरणे.' 'द्राक्षात दोन वर्षं तोट्यात, घाबरलेला आहे, जास्त फवारण्या घेतो.' एका नावापुढं होतं, 'मुलीच्या लग्नाचं कर्ज. दर विचारत नाही, उधारीवर देईल ते उचलतो.' हा माणूस मला माहीत आहे. पलीकडच्या वाडीतला. त्याच्या मुलीच्या लग्नात मी जेवलोय.

आणि खाली सरकत गेलो तर आमचं गाव आलं, आणि आमच्या गावात मी आलो. 'चुलते. पाच एकर. जुन्या वळणाचे. नवीन वाण लगेच घेत नाहीत. शेजाऱ्याने घेतल्यावर घेतात.'

पुतण्या ओशाळला. "पहिल्या म्हयन्यात टार्गेट पुरं करायचं हुतं तात्या. घरापास्नं सुरवात केली."

शेरा खोटा नव्हता. तेच तर. खोटा असता तर हसून सोडून दिला असता. आपल्याबद्दलचं खरं, आपल्याला न दाखवता, कुणीतरी रकान्यात लिहून ठेवलंय आणि त्यावरनं आपल्याला काय विकायचं ते ठरतंय, याची एक वेगळीच शिरशिरी येते. माझ्या घरात, माझ्याच हातची भाकरी खाल्लेल्या पोरानं लिहिलेलं असूनसुद्धा आली.

म्हणलं, "ही यादी तुझी न्हाई."

"मग कुणाची? कंपनीची?"

इथं पोरानं मला धरलं. तो बिनडोक नाही. म्हणाला, "तात्या, जल्मभर तुमी काय सांगितलं? कसंल त्येची जमीन. ही यादी कसली कुणी? उन्हातान्हात गाडी मी फिरवली. पंक्चरी मी काढल्या. कंपनीतला एक साहेब ह्या बांधांवर कदी आला न्हाई. जिमीनदार पुण्यात, आन् राबलो मी. दुकान टाकायचं तर भांडवल म्हणून माज्याकडं हाय काय दुसरं?"

खरं सांगायचं तर बराच वेळ मला उत्तर सुचलं नाही. त्याचं म्हणणं हलकं नव्हतं. सहा वर्षांच्या राबण्याचं त्याच्याकडं काय उरलं? चार हजाराला पडलेला एक डबा. ज्या न्यायानं आजोबांना जमीन मिळाली तो न्याय मी पणतूला कसा नाकारू? आणि कंपनीचा कागद म्हणतो म्हणून यादी कंपनीची, हे मलाही पटत नव्हतं.

मग मला त्या जमिनीतलीच एक गोष्ट आठवली, वडिलांच्या तोंडून ऐकलेली. आमच्या शेतात जमीनदाराची एक पडकी खोली होती. त्यांचा कारभारी खळ्याच्या वेळी तिथं राहायचा. जमीन आमच्याकडं आल्यावर त्या खोलीत एक लाकडी पेटी सापडली. कुलूपबंद. भावकीतले म्हणाले, फोड, जमिनीसंगं आलीय. आजोबांनी ती तशीच बैलगाडीत घातली आणि तालुक्याला जमीनदाराच्या वाड्यात नेऊन टाकली. जमिनीसाठी त्याच माणसाशी कोर्टात उभे राहिले होते, तारखांना पायी गेले होते. पण पेटी पोचती केली. आत काय होतं ते आमच्या घरात कुणालाच माहीत नाही.

पुतण्या ऐकून म्हणाला, "त्या पेटीत आज्ज्यानं काय पेरलं नव्हतं. ह्या यादीत मी पेरलंय."

हेही बरोबर. पेटीचा दाखला पुरला नाही.

चुलीपाशी त्याची बायको भांडी आवरत होती. ती गावात आशाचं काम करते. घरोघर जाऊन कुणाला दिवस गेलेत, कुणाची टीबीची गोळी चालू आहे, कुठल्या घरात साखर, कुठं बीपी, सगळं तिच्या रजिस्टरात. ती तिथनंच म्हणाली, "माजी वही बी मीच लिवलीया. पाय माजंच दुखत्यात. उद्या आशाचं काम सोडून मेडिकल टाकलं, तर ती वही गल्ल्यावर ठिऊ का?"

तिला कुणी उत्तर दिलं नाही. ती भांडी पालथी घालून आत गेली.

मला तेव्हा जे दिसलं ते असं. जमीन कसली तर जमिनीनं कुणावर भरवसा ठेवलेला नसतो. ती बोलत नाही. पीक हे कष्टाचं. पण माणसानं बांधावर बसून, चहा पिताना, माझ्या पोरीच्या लग्नाचं अजून फिटलं नाही, असं सांगितलं, ते पीक नव्हे. ती ठेव. आणि ती त्यानं कंपनीकडं ठेवली नव्हती, पुढं निघणाऱ्या दुकानाकडंही नाही. अमक्याचा पोरगा आहे, नांगरटीतनं चालत आलाय, म्हणून त्याच्यापाशी बोलला. ठेव सांभाळायला कष्ट पडले म्हणून ती सांभाळणाऱ्याची होत नाही. यंत्रावरचा बोजा कंपनीनं उतरवला, कारण तो कंपनीचा होता. या तीन हजार आठशे नावांचा बोजा कंपनी उतरवू शकत नाही. तो उतरवायचा तर त्या माणसांनीच. २०२३ साली दिल्लीत माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला, त्यातही साधारण हेच आहे, की ज्याची माहिती त्याची संमती, आणि ज्या कामासाठी दिली त्याच कामासाठी वापर. पण आमच्या माजघरात त्या रात्री तो कायदा कुणी काढला नाही. काढला असता तर पोरगं आणखी अडलं असतं.

त्यानं शेवटचा प्रश्न विचारला तो मला अजून सतावतो. "हितं पुसलं तरी कंपनीकडं ती यादी हायच. ती उद्या दुसऱ्या कंपनीला दील. दोघं मिळून हीच नावं पिळतील. मी एकट्यानं सोवळं पाळून त्या माणसाचं काय भलं हुतंय?"

त्या माणसाचं काही भलं होत नाही. मी तसं सांगितलं. यादी तिकडं राहील, फोन त्याला येतच राहतील. म्हणलं, "पण तू आईचं रिपोर्ट म्हणालास मघाशी. तिथं कपाट आवरणारा जो कुणी असंल, त्यानं ते न बघता पुसावं, असं वाटतं ना तुला? त्यालाबी असंच वाटत असंल, की मी एकट्यानं न बघून काय हुतंय."

तो उठून बाहेर गेला. गोठ्यात म्हशीला उगाच वैरण टाकल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं यंत्र पुसायला लावलं. यादी पेनड्राइव्हवर घेतली का, हे मी विचारलं नाही. त्यानंच रिकामा पेनड्राइव्ह माझ्या पुढ्यात ठेवला, तोंड वळवून. पुसण्याचंही एक शास्त्र आहे. साधं डिलीट केलं की फाइल कचरापेटीत जाते. पेटी रिकामी केली तरी पुस्तकातलं अनुक्रमणिकेचं पान फाडावं तसं होतं, आतली पानं त्यांवर दुसरं काही लिहीपर्यंत शिल्लक असू शकतात. म्हणून विंडोजच्या रीसेटमधे सगळं काढून टाका आणि ड्राइव्हही साफ करा, असा पर्याय असतो, तो घ्यायचा. चार्जर लावून, मधे हात न लावता. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलेली, त्यामुळं नवं ११ चढवलं. कंपनीचं वर्ड-एक्सेल गेलं, त्याचा परवाना कंपनीचाच होता. त्या जागी लिबरऑफिस घातलं, ते फुकट असतं आणि माझ्यासारख्याला पुरून उरतं. नेट जोडलं तेव्हा आम्ही दोघं पडद्याकडं टक लावून बसलो होतो. कंपनीचं नाव आलं नाही. नाव काय ठेवायचं, एवढंच त्यानं विचारलं.

दसऱ्याला दुकान उघडलं. परवाने, डिपॉझिट, माल, सगळं कर्जावर. यादी असती तर पहिल्याच दिवशी चार हजार फोनांवर मेसेज गेला असता. त्याऐवजी तो पुन्हा गाडी काढून फिरला. बांधावर जाऊन म्हणायचा, कंपनी सोडली, दुकान टाकलंय, तुमचा नंबर लिहून घेऊ का? लोक हसायचे. तुझ्याकडं हाय की रं. तो म्हणायचा, हुता, पुसला. काहींनी दिला. काहींनी, लागलं तर आमी येऊ, म्हणून वाटेला लावलं. दिवाळीपर्यंत वहीत एकशे बारा नावं झाली. पलीकडच्या चौकातल्या दुकानदाराकडं नावं विकत मिळतात, असं तो एकदा जेवताना म्हणाला. मी काही बोललो नाही. कर्जाचा हप्ता त्याला भरायचाय.

एक गोष्ट मात्र पुसायची राहिली आणि ती पुसताही येत नाही. त्याच्या डोक्यातली यादी. कुठल्या भावाशी कोण बोलत नाही, कोण घाबरून जास्त फवारतो, हे त्याला पाठ आहे. रीसेटला तिथं कळ नाही. यावर माझ्याकडं उत्तर नाही.

गेल्या महिन्यात मी दुकानात बसलो होतो. पलीकडच्या वाडीतला तो लग्नाच्या कर्जाचा माणूस आला. भुरीवर औषध द्या म्हणाला, आणि नेहमीसारखा दर न विचारता पिशवी पुढं केली. पुतण्यानं डबा काढला. पिशवीत टाकला नाही. फिरवून छापील किंमत त्याच्याकडं केली, तो वाचेपर्यंत थांबला. शेजारी दुसरा, त्याच्यापेक्षा स्वस्त डबा ठेवला. मग म्हणाला, "काका, ह्येनं बी काम हुतंय. कुठला दिऊ?"

त्या माणसानं चष्मा काढला, शर्टाला पुसला, आणि दोन्ही डबे हातात घेऊन बराच वेळ वाचत उभा राहिला.